चाळीस झाले की उठणारे दादा

परीक्षेवर इतकं मनापासून प्रेम करणारा आणि परीक्षेकडून इतकी वाईट वागणूक मिळालेला माणूस उभ्या मराठवाड्यात दुसरा झाला नसेल. त्यांचं नाव सांगून उपयोग नाही, कारण नांदेडला आमच्या कॉलेजच्या मागच्या गल्लीत त्यांना नावानं कुणीच ओळखत नव्हतं. ते सगळ्यांचे दादा होते, किनवटच्या बाजूच्या इस्लापूरचे. इंजिनिअरिंगला असताना ते आमच्याच खोलीत राहायचे. त्यांच्या बरोबरचे सगळे पास होऊन पांगले, खोलीत नव्या पोरांच्या तुकड्या आल्या आणि गेल्या, पण दादांचा एक विषय मागेच राहिला. इंजिनिअरिंगचं तिसरं गणित. त्याला आम्ही एम-थ्री म्हणायचो आणि म्हणताना आवाज आपोआप खाली यायचा. या एका विषयासाठी दादा हिवाळ्यात एकदा आणि उन्हाळ्यात एकदा गावाहून येत आणि पेपर होईपर्यंत आमच्याकडे मुक्काम करीत. त्यांना जिन्यात बघितलं की घरमालकीणबाई आमच्याकडे वळून म्हणायच्या, "परीक्षा आली वाटतं रे तुमची."

मी मुरुडचा. समुद्राकाठचं मुरुड वेगळं. आमचं लातूर जिल्ह्यातलं, आणि आमच्याकडे समुद्र सोडाच, उन्हाळ्यात नळालासुद्धा पाणी दिसत नाही. बारावीपर्यंत मी लातूरला शिकलो. तिथं पोराकडून अभ्यास घोटून घेतात, पुन्हा घोटून घेतात, आणि शेवटी आपण हुशार आहोत असं त्या पोराला खरंच वाटायला लागतं. नांदेडला आलो तेव्हा हा समज माझ्या सामानात सगळ्यात वर ठेवलेला होता. पुढच्या दीड वर्षात तो कुठं हरवला ते कळलं नाही, आणि एम-थ्री माझ्याही मागे राहिलं. माझा रूम पार्टनर बिलोलीचा. तो सगळ्या विषयांत जेमतेम पास व्हायचा, पण पास व्हायचा, आणि ही गोष्ट तो मला विसरू देत नसे. दादा आम्हा दोघांना गावाच्या नावानंच हाक मारीत. "ए मुरुड, पानी आन. ए बिलोली, पंखा बारीक कर, कागदं उडून राहिले." आम्हीही त्यांच्यासमोर एकमेकांना मुरुड आणि बिलोलीच म्हणायला लागलो होतो.

दादा येत ते बोकडासारखी दाढी वाढवून. परीक्षेचं वेळापत्रक लागलं की वस्तरा बंद, हा त्यांचा पहिला नियम. केसही कापायचे नाहीत. एकदा याच काळात त्यांच्या चुलतभावाचं लग्न आलं. दादा त्या अवतारात लग्नाला गेले आणि मुलीकडच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी त्यांना कुठले तरी महाराज समजून पाया पडून घेतलं. दादांनी आशीर्वाद दिला. "कामून न्हाई म्हनावं? तेवढंच पुण्य पेपरात कामाला यील," असं ते आम्हाला नंतर गंभीरपणे म्हणाले. हसण्याचा आम्हाला काही अधिकार नव्हता, कारण तेव्हा आम्ही दोघंही दाढी वाढवून बसलेलो होतो. माझी दाढी तर सगळीकडे सारखी येतही नव्हती. हनुवटीवर थोडी, कानाजवळ थोडी, आणि मधल्या जागेत काहीच नाही. तरी मी ती जपली होती.

दुसरा नियम शर्टाचा. दादांचा परीक्षेचा एक शर्ट होता, चॉकलेटी चौकड्यांचा. तो अभ्यासाला बसताना घालायचा, पेपरला घालायचा, आणि सगळा हंगाम उरकेपर्यंत धुवायचा नाही. धुतला की डोक्यातलं जातं. नांदेडच्या मे महिन्यात न धुतलेला शर्ट म्हणजे काय असतं ते ज्यानं सोसलं त्यालाच कळेल. एकदा बिलोलीनं चुकून तो आपल्या कपड्यांबरोबर बादलीत भिजवला. दादा बाहेरून आले, त्यांनी बादलीत तरंगणाऱ्या चौकड्या बघितल्या, आणि बादलीशेजारी खाली बसले. बिलोली घाबरून शर्ट उपसायला लागला तसे ओरडले, "ऱ्हाऊ दे! आता पान्यातच हाय सगळं." आणि बादलीतलं ते फेसाळ पाणी ओंजळीत घेऊन त्यांनी डोक्यावर शिंपडून घेतलं. मग आमच्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही पन घ्या. तुमाला तर जास्ती गरज हाय." आम्ही घेतलं. माझ्या डोळ्यात साबण गेला आणि त्या संध्याकाळी मला एक अक्षर वाचता आलं नाही, पण त्यात नवीन काही नव्हतं.

पुस्तक उघडं टाकून जागेवरून उठायचं नाही, हीसुद्धा त्यांची सक्त ताकीद होती. उघडं पुस्तक सैतान वाचतो, असं त्यांना लहानपणी गावातल्या एका चाचांनी सांगितलं होतं. पाणी प्यायला उठलं तरी पुस्तक मिटायचं. माझं पुस्तक तर मिटलेलंच असायचं, तेव्हा मला या नियमाचा त्रास झाला नाही. उलट सैतानानं येऊन ते चाळलं असतं तर निदान कुणीतरी वाचलं, एवढं तरी समाधान मिळालं असतं. पेपरच्या सकाळी टॉपरचं तोंड बघायचं नाही, हा आणखी एक नियम. टॉपर दिसला की तो हमखास एखाद्या अशा धड्यातलं विचारतो, जो आपण ऑप्शनला टाकलेला असतो. एकदा आमच्या वर्गातली पहिली येणारी मुलगी चांगल्या मनानं आम्हाला शुभेच्छा द्यायला रस्ता ओलांडून येत होती. दादांनी तिला लांबून हेरलं, आम्हा दोघांच्या मानगुटी धरल्या आणि तिघंही शेजारच्या रसवंतीत शिरलो. घुंगरू वाजणाऱ्या चरकाच्या मागे, उसाच्या चिपाडांवर आम्ही तिघं दाढीवाले उकिडवे बसलो होतो. ती बिचारी रसवंतीवाल्याला विचारून गेली की ही मुलं आजारी आहेत का.

पण हा माणूस गणित शिकवायला बसला की बाकी सगळं विसरायला व्हायचं. ते यायचे तेव्हा बरोबर एक डबा असायचा. धपाटे, आणि आईनं कुटलेली जवसाची चटणी. डबा मधोमध उघडा ठेवून, धपाट्याचा तुकडा हातात धरून दादा एम-थ्री शिकवीत. लाप्लासचं म्हणून एक प्रकरण असतं. वर्गात ते महिनाभर शिकवलं आणि मला त्यातलं सरांचं खोकणं तेवढं लक्षात राहिलं. दादांनी ते एका दुपारी संपवलं. "हे बघ मुरुड. आपल्या गावात एक काम अडकलंय. लई कठीण हाय, हितं हुईना. मंग काय करायचं? शेजारच्या गावाला जायचं. तिथं तेच काम लई सोपं हाय, बेरीज-वजाबाकीत उरकतं. उरकलं की घेऊन परत आपल्या गावाला यायचं. जातानाची गाडी म्हंजी लाप्लास, येतानाची गाडी म्हंजी इन्व्हर्स लाप्लास. झालं." आणि मग बोटानं मला टोचून म्हणाले, "तू जातूस बराबर. पर येतच न्हाईस. तिकडंच ऱ्हातूस. म्हून मार्क जातेत." शेजारच्या खोल्यांमधली पोरं दारात येऊन उभी राहायची. दादांनी शिकवलेली पोरं एम-थ्री काढायची, पेढे आणून द्यायची, आणि पुढच्या हंगामात दादा पुन्हा तेच शिकवायला हजर असायचे. मी त्या पोरांत नव्हतो. मी दर वेळी शेजारच्या गावातच राहिलो.

आता इतकं येणारा माणूस नापास का व्हायचा? तर त्याला कारण त्यांचा सगळ्यात मोठा नियम. पेपर शंभरचा, पास व्हायला चाळीस लागतात. दादा प्रश्नपत्रिका हातात आली की पेन्सिलीनं खुणा करीत, स्वतःला नक्की येणारी गणितं निवडीत, त्यांच्या मार्कांची बेरीज चाळीस भरली की तेवढीच सोडवीत, आणि उठत. अर्धाअधिक वेळ शिल्लक असायचा, मागची पोरं अजून पेन झटकत असायची, आणि दादा पेपर देऊन चालू लागलेले असायचे. याची सुरुवात त्यांच्या पहिल्या वर्षात झाली होती. पहिल्या गणिताला त्यांनी सगळा पेपर लिहिला, पुरवण्यांवर पुरवण्या घेतल्या, आणि नापास झाले. पुढच्या परीक्षेला दुसऱ्या गणिताच्या पेपरात त्यांचं पोट बिघडलं. कसेबसे चाळीसचे प्रश्न सोडवले आणि धावत बाहेर पडले. बरोबर चाळीस मिळून पास झाले. तेव्हापासून हे ब्रह्मवाक्य झालं. "चाळीस म्हंजी पोटभर," ते म्हणत. "त्याच्या वर लिवनं म्हंजी हावरटपना. तपासनाऱ्याला राग येतो." आता चाळीसचं सोडवलं की तपासणारा कुठं एक पायरी नाही म्हणून मार्क कापणार, कुठं उत्तराखाली रेघ नाही म्हणून अर्धा कापणार. दर वेळी दादा छत्तीस-सदतीसवर येऊन थांबायचे. आम्ही किती वेळा सांगितलं, की दादा, निदान पन्नासचं तरी सोडवा. त्यावर ते आमच्याकडे अशा नजरेनं बघत की आम्हालाच आपण फार लोभी आहोत असं वाटायचं. तरी एकदा बिलोली चिडून म्हणाला, "दादा, चाळीसला उठून तुम्ही पास कवा झालात एम-थ्रीत?" दादा शांतपणे म्हणाले, "नियम बराबर हाय. तपासनारा चुकतो."

त्या उन्हाळ्यात दादा आले ते नेहमीपेक्षा गप्प होते. डबा उघडला, चटणी वाढली, आणि स्वतः मात्र तुकडा हातात धरून बसले. मग म्हणाले, "औंदा लास्ट हाय रे." आम्हाला आधी कळलंच नाही. पदवी पूर्ण करायला विद्यापीठाची एक मुदत असते. दादांची मुदत या परीक्षेबरोबर संपत होती. या वेळी निघाला तर इंजिनिअर, नाही निघाला तर इतकी वर्षं धरून सगळं पुसून बारावी पास. आणि इस्लापुरात तर त्यांना कधीपासून इंजिनिअरच म्हणत होते. भावकीच्या लग्नपत्रिकांत त्यांच्या नावामागे इंजिनिअर छापलेलं असायचं. त्यांची आई तर गावभर सांगायची की परीक्षेच्या कामाला नांदेडचं कॉलेज त्याला दर वर्षी दोनदा बोलावून घेतं, त्याच्याशिवाय तिथं परीक्षाच होत नाही. दादांनी तिला कधी खोटं सांगितलं नव्हतं. ते फक्त परीक्षेला जातो म्हणाले होते. एवढा मोठा माणूस परीक्षा द्यायला जात असेल हे तिच्या मनातच येत नव्हतं. "पास झालो तर तिला काहीच सांगायचं काम न्हाई," दादा म्हणाले. "न्हाई झालो तर सगळंच सांगावं लागते. अन् कुठून सुरू करू ते कळून न्हाई राहिलं." त्यांनी हातातला तुकडा डब्यात परत ठेवला. दादांना जेवण टाकताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

मग मी आणि बिलोलीनं ठरवलं की काहीही करून दादांना तीन तास जागेवर बसवायचं. बिलोलीचे उपाय बिलोलीसारखेच होते. दादा चपला वर्गाच्या बाहेर काढून आत जात, तर त्या पळवायच्या. मी म्हणालो, ते अनवाणी जातील, मे महिन्यातल्या डांबरावरून. मग तो म्हणाला, बाहेरून कडी घालू. शेवटी उपाय मला सुचला, आणि आयुष्यात मला सुचलेला कामाचा असा हा बहुधा एकच विचार असावा. एम-थ्री मागे राहिलेल्या सगळ्यांची बैठक एकाच वर्गात होती, म्हणजे दादाही तिथं आणि मीही तिथं. पेपरच्या सकाळी, टॉपर टाळण्यासाठी रसवंतीत लपलेलो असताना, मी त्यांना म्हणालो, "दादा, एक मागू का? तुम्ही उठून गेलात की माझ्या पोटात गोळा येतो. जे येतंय तेही जातं. मी बसलोय तोवर तुम्ही बसाल का?" यात खोटं काही नव्हतं. गोळा यायचाच. फक्त तो पेपर हातात पडल्यापासूनच आलेला असायचा.

दादांनी खूप वेळ विचार केला. उसाचा रस गरम झाला. मग म्हणाले, "बसतो. पर लिवनार न्हाई चाळिसाच्या वर. नुसता बसतो." मी म्हणालो, "नुसतं बसा." त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "तू फिकीर करू नको मुरुड. मी हाय." माझ्यासाठी आपला नियम मोडतोय याचंच त्यांना ओझं झालं होतं. स्वतःच्या शेवटच्या पेपराची काळजी त्यांनी तेवढ्यापुरती बाजूला ठेवली होती, हे बघून मला भरून आलं.

पेपर सुरू झाला. दादा माझ्या शेजारच्या रांगेत, दोन बाकं पुढे. नेहमीच्या वेळेला त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि हाताची घडी घालून बसले. त्यांनी पंख्याकडे बघितलं. भिंतीवरच्या पालीकडे बघितलं. सुपरव्हिजनला आलेल्या मॅडमकडे बघून नमस्कारासारखं काहीतरी केलं. मॅडमनी संशयानं त्यांचं हॉल तिकीट पुन्हा तपासलं. मग करायला काहीच उरलं नाही, तेव्हा दादांनी प्रश्नपत्रिका वाचायला घेतली. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत होतो. शेताच्या धुऱ्यावर रिकामं बसलेल्या शेतकऱ्याला रानातलं तण दिसतं, आणि एकदा दिसलं की त्याला बसवत नाही. दादांना समोर एक गणित दिसलं. त्यांनी मान दुसरीकडे वळवली. पुन्हा बघितलं. हाताची घडी सुटली. मग त्यांनी पेनाचं टोपण काढलं, माझ्याकडे एकदा चोरट्या नजरेनं बघितलं, आणि लिहायला लागले. थोड्या वेळानं त्यांचा हात वर गेला. पुरवणी! मला इतका आनंद झाला की मी जवळजवळ टाळी वाजवली. मग दुसरी पुरवणी. मी स्वतःचा पेपर विसरलो आणि मान लांब करून त्यांचं लिहिणं बघत बसलो. मॅडमना वाटलं मी कॉपी करतोय. त्यांनी मला उचलून पहिल्या बाकावर, अगदी टेबलासमोर नेऊन बसवलं. तिथून दादा दिसेनात, म्हणून मी वळून बघायचो, आणि दर वेळी मॅडम म्हणायच्या, "पुढे बघ. तुझं काय आहे तिकडे?" काय आहे ते मला सांगता येत नव्हतं. माझी जातानाची गाडी निघाली होती, आणि परतीची गाडी कधी सुटायची ते मला त्याही दिवशी आठवलं नाही. घंटा झाली तरी दादा लिहीतच होते. मॅडमनी पेपर ओढला, तर तो त्यांनी दुसऱ्या बाजूनं धरून ठेवला होता. "अहो, सोडा की आता," मॅडम म्हणाल्या.

बाहेर आल्यावर दादा पांढरेफटक पडले होते. "लई हावरटपना झाला रे," ते म्हणाले. "सगळाच लिवला. समदा पेपर. तुझ्यापायी झालं हे." दुपारच्या किनवट एसटीनं ते निघून गेले, चटणीचा डबा आमच्याकडेच विसरून. जाताना माझ्याशी बोललेसुद्धा नाहीत. मी आणि बिलोली पुढचे कितीतरी दिवस ती चटणी भाकरीला लावून खात होतो, आणि आपण त्यांचं वाटोळं केलं की काय, या विचारानं ती नीट गोडही लागत नव्हती.

निकाल लागला त्या दिवशी विद्यापीठाची साइट अडकून पडली. बिलोली मोबाईल घेऊन गच्चीवर, मी खाली जिन्यात. शेवटी वरून त्याचा आवाज आला, "दादा निघाले! एकसष्ट!" गल्लीतली कुत्री दचकून उठली. मग जरा वेळानं बिलोली खाली आला आणि हळू आवाजात म्हणाला, "तुझे सदतीस." दादांच्याच नेहमीच्या आकड्यावर मी जाऊन बसलो होतो. मी त्यांना फोन लावला. निकाल सांगितला. मागे कोंबड्यांचा आवाज येत होता. मग त्यांनी विचारलं, "अन् तुझं?" मी सांगितलं. "म्हंजी मी तुझ्यासाठी बसलो," दादा म्हणाले, "अन् तू माझ्याकडं बघत बसलास?" मला हो म्हणण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. तेवढ्यात त्यांच्या आईनं कोण आहे म्हणून विचारलं, आणि फोन कानाला असतानाच दादा तिला म्हणाले, "आई, मी पास झालो." ती म्हणाली, "तू कवा नापास होतास रे बाबा?" यानंतर दादा फोनवर हसत होते की रडत होते ते मला नीट कळलं नाही. मी मात्र रडत होतो, आणि माझे अश्रू सदतीस मार्कांचे आहेत असा बिलोलीचा समज झाला.

दादांना त्यानंतर लातूरकडच्या एका कारखान्यात नोकरी लागली. लातुरात घडवलेला मी नांदेडला अडकलेला, आणि इस्लापूरचे दादा लातूरला. हिवाळ्याची परीक्षा आली आणि खोलीत पहिल्यांदाच दादा नव्हते. बिलोलीही शेवटच्या वर्षाच्या गडबडीत. मी एकट्यानं दाढी वाढवली. पुस्तक मिटून उठलो. पेपरच्या सकाळी एकटाच रसवंतीकडे गेलो, तर थंडीमुळे ती बंद होती. तेवढ्यात मागून हाक आली, "ए मुरुड." दादा उभे होते. अंगात चॉकलेटी चौकड्यांचा शर्ट, आणि तोंडावर छातीपर्यंत दाढी. लातूरहून पहाटेच्या एसटीनं आले होते. मी म्हणालो, "दादा, तुम्ही तर पास झालात. मग दाढी कामून?" ते म्हणाले, "तुझा पेपर व्हायचा हाय ना. कारखान्यात साहेब रोज विचारतेत, दाढी का वाढवली. मी सांगतो, परीक्षा हाय."

त्यांना आत येता येणार नव्हतं. सायकल स्टँडजवळ एक कडुनिंब आहे, तो आमच्या वर्गाच्या खिडकीतून दिसतो. दादा त्याच्या पाराकडे बोट दाखवून म्हणाले, "मी तिथं बसतो. तू उठेस्तोवर उठत न्हाई." मी आत गेलो. येणारं सगळं लिहून झालं तेव्हा निम्मा वेळही सरला नव्हता, आणि उठून जावं असं मनापासून वाटलं. मी खिडकीतून बघितलं. ते पारावर मांडी घालून बसले होते, थंडीत, हातावर हात चोळत. मी पुन्हा खाली बघितलं आणि पुढचं गणित घेतलं. मग त्याच्या पुढचं. माझा हात वर गेला तेव्हा पुरवणी द्यायला आल्या त्या त्याच मॅडम होत्या. त्यांनी मला ओळखलं, आणि पुरवणी दिली.

मी सगळ्यात शेवटी बाहेर आलो. दादा झाडाला टेकून बसल्या बसल्या झोपले होते, दाढी छातीवर, पोरं त्यांना वळसा घालून जात होती. मी हात लावला तसे जागे झाले.

"उठलास?"

"उठलो."

"चाळीस झाले का?"

"मोजले न्हाईत, दादा."

ते हसले, आणि मला उठवायला हात पुढे करावा तसा त्यांनी हात केला, पण उठायचं त्यांना होतं. मी त्यांना ओढून उभं केलं. बसस्टँडसमोरच्या सलूनमध्ये आम्ही दोघांनी शेजारी शेजारी बसून दाढ्या उतरवल्या. दाढीशिवाय ते मला अनोळखी वाटले, आणि बरेच थकलेले. मग ते लातूरच्या गाडीत बसले.

तो पेपर निघाला. त्यानंतर परीक्षेच्या हंगामात दादा नांदेडला आले नाहीत. त्यांचं तिथं काही काम उरलं नव्हतं. फोन होतो अधूनमधून. त्यांच्या आईला अजून वाटतं की त्याच्याशिवाय तिथली परीक्षा होत नसणार, आणि मला तिचं म्हणणं खोडून काढावंसं वाटत नाही. आजही कुठल्या शाळेत-कॉलेजात लेखी परीक्षा चाललेली दिसली की मी थांबतो. आत लिहिणाऱ्यांकडे माझं लक्ष जात नाही. बाहेर झाडाखाली कुणी बसलंय का, ते बघतो.